अंगावरचा कोट



अशोकस्तंभापासून गंगापूर गावाकडे जाणारा गंगापूर रोड हा आमच्या नाशिकातला हौशी रस्ता. कॉलेजची पोरं तिथं, आणि लग्नसराईत शेरवान्या टांगलेली दुकानंही तिथंच. त्या रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये काही विद्यार्थ्यांनी स्वतः शिवलेल्या पुरुषांच्या कपड्यांचं प्रदर्शन मांडलं होतं. पुतणीनं आग्रह केला म्हणून गेलो. पाहतो तो ना व्यासपीठ, ना खुर्च्या! अर्धा उजेड, शिलाई यंत्राची घरघर, आणि कपडे घातलेली पोरं आपल्यातच उभी. घोंगडीचं जाकीट, एकाच बाहीचा सदरा, धोतरासारखी निऱ्या घातलेली पाटलोण. खरं सांगतो, पहिली पाच मिनिटं मला हा सगळा पोरखेळ वाटला.

तसा हा खेळ काही अगदी नवा नव्हे. १९६० साली पॅरिसमध्ये पिएर कार्दां यांनी पुरुषी कपड्यांचा आपला संग्रह मांडला, तेव्हा धंदेवाईक माणसांऐवजी २५० विद्यार्थ्यांच्या अंगावर ते कपडे चढवले होते. कोटाची कॉलरच त्यांनी काढून टाकली. पुरुषानं कपड्यांचा विचार करायचा नसतो, या समजुतीला तो धक्का होता.

पण आपल्याकडे पुरुषाच्या कपड्याचा विचार त्याआधी फार निराळ्या कारणानं झाला आहे, आणि त्यातला एक प्रसंग याच गावातला आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराकडे हजारोंची मिरवणूक निघाली. आघाडीला बँड होता, आणि तो वाजवणारे लष्करातून निवृत्त झालेले लोक होते. मागून बालवीरांचं पथक, मग स्त्रिया, मग पुरुषांच्या शिस्तीत चालणाऱ्या रांगा. मंदिराचे दरवाजे बंद झाले. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया सत्याग्रहासाठी त्या दरवाजांशी जाऊन बसल्या. ज्यांनी अंगावर काय घालावं हे पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांनी ठरवलं, ती माणसं त्या दिवशी भर रस्त्यातून ताठ चालत गेली. बघ्यांना बाजूला उभं राहून नुसतं बघता येईना. दार उघडायचं की लावायचं, हे ज्याचं त्याला ठरवणं भाग पडलं.

आता गंमत पहा. त्यानंतर दहाच दिवसांनी, १२ मार्चला, गांधीजी साबरमतीहून दांडीकडे निघाले, ते पंचा नेसून. तो पंचा त्यांनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुरेला स्वीकारला होता. ज्याच्याजवळ कपडे होते त्यानं ते उतरवले. ज्यांना चांगलं लेणं नाकारलं होतं त्यांच्या पुढाऱ्यानं कोट, पाटलोण, टाय चढवला. गांधीजींच्या पंच्याचं कौतुक करताना बाबासाहेबांच्या सुटाला साहेबी नक्कल म्हणणारे मी माझ्या लहानपणी पुष्कळ ऐकले आहेत. माझ्या मते त्यांना दोन्ही वेष कळले नव्हते.

हे सारं मनात यायला कारण झाला एक कोट. बाहेरून गोणपाट, तोही शिक्क्यांसकट. आत मात्र जांभळ्या रेशमाचं अस्तर. शिवणारा पोरगा म्हणाला, "काका, हा लांबून दिसत नाही. घालावा लागतो." घातला. मानेला गोणपाट खुपलं, हातांना रेशीम लागलं. बाहेर हमालाचं ओझं आणि आत नवरदेव, असं काहीसं वाटलं. खांदे मात्र त्यानं उत्तम बसवले होते. मी शिंप्याच्या शेजारी वाढलेला माणूस, ते माझ्या चटकन ध्यानात आलं.

दाराशी हॉलचे पहारेकरी उभे होते, माझ्याच वयाचे. पोरानं त्यांनाही हाक मारली, "काका, तुम्ही या ना." ते आधी नको म्हणाले. मग हात विजारीला पुसून आले. कोट चढवल्यावर आतलं अस्तर त्यांनी बोटांनी चाचपून पाहिलं, बटणं खालपासून गळ्यापर्यंत एकेक करून लावली आणि आरशापुढे उभे राहिले. आम्ही सगळे गप्प. पोरगा हळूच म्हणाला, "बाह्या जरा लांब होतायत का?"

"राहू दे," ते म्हणाले, आणि आरशापुढून हलले नाहीत.