उसळता चेंडू

दादासाहेब फाळक्यांनी १९१५च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा छोटा चित्रपट केला. काडी जराशी सरकवायची, एक चित्र टिपायचं, पुन्हा सरकवायची. पडद्यावर काड्या आपोआप हलत. ॲनिमेशनचं मर्म आजही एवढंच आहे.

शिकायचं तर महागडा संगणक तूर्त राहू द्या बाजूला. जुन्या वहीच्या कोपऱ्यात उसळता चेंडू काढा, पानागणिक एक. पानं भराभर सोडली की चेंडू हलतो खरा, पण पहिल्या खेपेला बहुधा फुग्यासारखा तरंगतो. कारण सगळी अंतरं सारखीच पडलेली असतात. खरा चेंडू वर पोचताना मंदावतो, म्हणून तिथली चित्रं अगदी लागून काढायची. खाली येताना वेग घेतो, तिथं अंतर वाढवत न्यायचं. जमिनीवर आपटताना तो किंचित चपटा करा. मात्र चपटा झाला की रुंदही व्हायला हवा, नाहीतर नुसता लहान झालेला दिसेल.

सिनेमात सेकंदाला २४ चौकटी असतात. घाबरू नका, एक चित्र दोन चौकटी धरायची पद्धत जुनीच आहे. १२ चित्रांत भागतं. चेंडू जमला की त्याला शेपूट लावा. ते चेंडूच्या मागोमाग, पण जरा उशिरा वळायला हवं.