वेगाला कुंपण हवे

आज मी आपल्याशी मोटारींच्या शर्यतीविषयी बोलणार आहे. विषय ऐकून कोणी म्हणेल, "प्राध्यापकमहाराज, बीड जिल्ह्यात आणि मोटारींच्या शर्यती? आमच्याकडे ऊसतोडीचा ट्रॅक्टर वेळेवर सुरू झाला तरी पुष्कळ!" म्हणणे खोटे नाही. पण शर्यत ही गोष्ट आपल्याला नवीन नाही. शंकरपट कोणी पाहिला नाही असे गाव मराठवाड्यात शोधूनच काढावे लागेल. बैलजोडी किती सेकंदांत आली, छकडा किती हलका होता, हाकणाऱ्याने जोडीला केव्हा सोडले आणि केव्हा आवरले, यावर पारावर तास-तास वाद चालतात. मोटारींची शर्यत म्हणजे तरी दुसरे काय? छकड्याच्या जागी मोटार आहे आणि बैलांच्या जागी इंजिन. हलकेपणा, तयारी आणि आवरण्याचे कसब या तिन्ही गोष्टी मात्र त्याच आहेत.

मी अर्थशास्त्र शिकवतो. इंजिनाची विद्या माझी नव्हे. तरीही हा विषय मी निवडला, कारण थोड्या पैशांत मोठे काम कसे उभे करावे याचा फार चांगला धडा हौशी मोटार-संघांच्या कामात आहे. शिवाय त्यात आपल्या घरांतल्या तरुण मुलांच्या जिवाचाही प्रश्न आहे. तो मी शेवटी मांडणार आहे.

हौशी संघ म्हणजे काय, ते आधी पाहू. चार-पाच माणसे एकत्र येतात. एखादा नोकरी करतो, एखाद्याचे गॅरेज असते, एखादा विद्यार्थी असतो. एक जुनी पण सशक्त गाडी ते घेतात आणि संध्याकाळी व सुटीच्या दिवशी तिच्यावर काम करतात. वर्षातून काही वेळा ट्रॅकवर, म्हणजे केवळ शर्यतीसाठी बांधलेल्या बंदिस्त रस्त्यावर, तिला नेऊन पळवतात. कधी इतर गाड्यांशी स्पर्धा असते, कधी फक्त घड्याळाशी. बक्षीस बहुधा लहानच असते. खर्च पदरचा, वेळ स्वतःचा, आणि हात काळे झाले तरी तक्रार नाही.

या हौशी लोकांनी किती मोठी कामे केली याचे एक उदाहरण देतो. इंग्लंडात 1922 साली ऑस्टिन सेव्हन नावाची छोटी गाडी निघाली. तिचे इंजिन अवघे 747 सी.सी.चे. मध्यम स्थितीतल्या कुटुंबाला परवडावी म्हणून काढलेली ही गाडी पुढे जुन्या बाजारात स्वस्त मिळू लागली आणि हौशी लोकांच्या हाती आली. 1939 साली अशा लोकांनी लंडनकडे 750 मोटर क्लब नावाचे मंडळ काढले. थोड्या पैशांत शर्यत करता यावी, हा त्यामागचा विचार.

त्याच इंग्लंडात कॉलिन चॅपमन नावाचा एक विद्यार्थी लंडन विद्यापीठात अभियांत्रिकी शिकत होता. 1948 साली त्याने आपल्या भावी पत्नीच्या घरामागच्या गॅरेजात एक जुनी ऑस्टिन सेव्हन उघडली आणि तिला प्लायवुड व ॲल्युमिनियमचे नवे अंग चढवले. मोठे इंजिन घेण्याइतका पैसा नव्हता. मग त्याने उलटा हिशेब केला. शक्ती वाढवता येत नसेल तर वजन कमी करावे. हलकी गाडी लवकर वेग घेते, लवकर थांबते आणि वळणावर कमी ओढली जाते. 1952 साली त्याने लोटस नावाचा कारखाना काढला आणि पुढे 1963 ते 1978 या काळात लोटसने फॉर्म्युला वन या जगातील सर्वोच्च शर्यतीत संघांचे अजिंक्यपद सात वेळा मिळवले. न्यूझीलंडच्या ब्रूस मॅक्लारेननेही ऐन पोरवयात वडिलांच्या ऑस्टिन सेव्हनवरच सुरुवात केली. 1963 साली त्याने काढलेला संघ आजही त्याच्याच नावाने शर्यतीत उतरतो.

आता आपल्या देशाकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर परदेशी गाड्या आणि सुटे भाग आणण्यावर कडक निर्बंध होते. तरी हौस थांबली नाही. मद्रासजवळ शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धातली विमानांची एक धावपट्टी पडून होती. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब 1953 साली निघाला आणि त्या धावपट्टीवर पुढे कित्येक वर्षे शर्यती भरल्या. परदेशी बनावटीच्या जुन्या गाड्यांबरोबर तिथे आपल्या अँबॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड हेरल्ड याही धावल्या. लग्नाच्या वरातीत दिसणाऱ्या याच गाड्या, पण घरच्या घरी घासूनपुसून, हलक्या करून, तयार केलेल्या. 1990 साली याच क्लबने चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे कायमचा ट्रॅक उभा केला.

कोइमतूरचे करिवर्धन यांची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. गिरणीमालकाच्या घरातला हा माणूस हाडाचा कारागीर होता. त्यांनी 1980 नंतरच्या दशकात एका माणसाच्या, उघड्या चाकांच्या शर्यतीच्या गाड्या देशातच बांधल्या आणि त्यांना इंजिन बसवले ते आपल्या मारुती 800 चे! फॉर्म्युला मारुती हे तिचे नाव. इंजिन ओळखीचे, सुटे भाग कोणत्याही शहरात मिळणारे. त्यामुळे नव्या मुलांना शर्यत शिकता आली. अशाच गाडीवर आरंभ केलेला नारायण कार्तिकेयन 2005 साली फॉर्म्युला वनमध्ये उतरला. तिथपर्यंत पोहोचलेला तो पहिला भारतीय. करिवर्धन 1995 साली विमान-अपघातात गेले. कोइमतूरच्या ट्रॅकला आज त्यांचे नाव आहे.

आणि महाराष्ट्र? आपल्याकडे ही परंपरा मुख्यतः अभियांत्रिकी महाविद्यालयांत रुजली आहे. बाहा नावाची विद्यार्थ्यांची स्पर्धा आपल्या देशात 2007 साली सुरू झाली आणि अनेक वर्षे मध्य प्रदेशात इंदूरजवळ पिथमपूर येथे भरत आली. मुले लोखंडी नळ्या जोडून स्वतः गाडी बांधतात. दगडधोंड्यांच्या, चिखलाच्या वाटेवर ती चार तास पळवावी लागते. मुंबईच्या आय.आय.टी.चे विद्यार्थी तर विजेवर चालणाऱ्या शर्यतीच्या गाड्या बांधून इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर घेऊन गेले आहेत. त्या प्रकारच्या स्पर्धेत नुसत्या वेगाला गुण नसतात. गाडीची रचना अशीच का केली, तिला खर्च किती आला, हेही परीक्षकांपुढे पटवून द्यावे लागते. शेवटची मोठी परीक्षा सुमारे 22 किलोमीटरची. अर्ध्यावर चालक बदलतो आणि गाडी पुन्हा सुरू करून दाखवावी लागते. कितीतरी गाड्या तिथेच बसतात. पहिले येण्याआधी पोहोचावे लागते, हे त्या मुलांना तिथे कळते.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते सांगतो. नवशिक्याला वाटते, इंजिनाची ताकद वाढवली की झाले. जाणता मेस्त्री तसे करीत नाही. तो पहिला पैसा ब्रेकवर आणि टायरवर घालतो. पोरगा विचारतो, "उस्ताद, ही गाडी किती पळेल?" उस्ताद म्हणतो, "पळेल रे बाबा, आधी थांबते का ते बघू." मग मागची आसने, गालिचे, दारांची आतली सजावट काढून गाडी हलकी करतात. चालकाभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा जोडतात, म्हणजे गाडी उलटली तरी छप्पर डोक्यावर दबत नाही. खांद्यांवरून आणि कमरेवरून आवळणारे पट्टे, आग विझवण्याचे नळकांडे, वीज एकदम तोडण्याचा खटका, हे सारे झाल्यावर इंजिनाची पाळी येते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर पैसा थोडा असला की गरजांचा क्रम ठरवावा लागतो, आणि ज्याने क्रम चुकवला तो पैसाही घालवतो आणि कामही.

दुसरी गोष्ट वहीची. चांगल्या संघाची एक वही असते. आज टायरमध्ये हवा किती होती, हवामान कसे होते, कोणती फेरी किती सेकंदांची झाली, कोणता भाग केव्हा बदलला, सगळे टिपून ठेवतात. एका वेळी एकच बदल करायचा आणि फेरीची वेळ पाहायची. दोन बदल एकदम केले तर कोणत्याने फायदा झाला ते कळत नाही. श्रोतेहो, शेतात खत आणि बियाणे एकाच वर्षी बदलणाऱ्याची हीच पंचाईत होते ना?

तिसरी गोष्ट नटबोल्टची. प्रत्येक महत्त्वाचा बोल्ट आवळल्यावर त्यावर रंगाची एक रेघ ओढतात. रेघ सरकली की बोल्ट ढिला झाला, हे लांबूनच दिसते. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघण्याआधी आपले लोक ट्रॉलीची चाके, जू, साखळ्या तपासतात. ज्याने आळस केला त्याची ट्रॉली रात्री-बेरात्री रस्त्यातच बसते. तोच हा हिशेब.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ट्रॅकवर वेगाला कुंपण असते. शर्यतीपूर्वी प्रत्येक गाडी तपासली जाते आणि दोष निघाला तर तिला उतरू देत नाहीत. चालकाला शिरस्त्राण आणि आगीपासून वाचवणारा पोशाख सक्तीचा असतो. समोरून कोणी येत नाही, कारण सगळे एकाच दिशेने जातात. वळणावळणावर निशाणधारी उभे असतात. पिवळे निशाण म्हणजे पुढे धोका आहे, कोणाला मागे टाकू नका. लाल म्हणजे शर्यत थांबली. काळे म्हणजे तुम्ही बाहेर या. काळे निशाण दाखवल्यावर मोठ्यातला मोठा चालकही मुकाट्याने बाहेर येतो. रुग्णवाहिका आणि डॉक्टर हजर असल्यावाचून शर्यत सुरू होत नाही.

हे कुंपण फुकट उभे राहिलेले नाही. 1955 साली फ्रान्समध्ये ल मान्स येथे एक गाडी दुसरीवर आदळून प्रेक्षकांच्या बाजूला फुटली आणि ऐंशीहून अधिक माणसे ठार झाली. त्यानंतर तिथे प्रेक्षकांची आणि गाड्यांची जागा नव्याने आखली गेली, आणि स्वित्झर्लंडने तर अशा शर्यतींवर बंदीच घातली. आपल्या बैलगाडी शर्यतीचेही तसेच झाले. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या बंद केल्या. 2021 च्या डिसेंबरात त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि 2023 च्या मे महिन्यात ती कायम झाली. परत आल्या त्या नियम घेऊन आल्या.

मग सोलापूर–धुळे महामार्गावर, मांजरसुंब्याच्या घाटात, संध्याकाळी दुचाकीचा सायलेन्सर काढून धावणाऱ्या आपल्या पोरांपुढे कोणते कुंपण आहे? तिथे समोरून उसाची ट्रॉली येते, म्हैस आडवी येते, शाळेतून मुले परततात. जरा गणित पाहा. कोरड्या रस्त्यावर, चांगले ब्रेक असता, ताशी 40 किलोमीटरने जाणारी गाडी ब्रेक लागल्यावर सुमारे 9 मीटरांत थांबते. वेग दुप्पट, म्हणजे 80 केला तर अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते, म्हणजे 36 मीटर. शिवाय पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर तेवढ्यात गाडी आणखी 22 मीटर पुढे गेलेली असते. 2022 या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर 1 लाख 68 हजारांवर माणसे मेली, आणि त्यांतले शंभरातले सत्तराहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या अपघातांतले होते. हा आकडा सरकारी आहे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिल्यास पालकालाही तुरुंगवास आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो.

पण नुसती शिक्षा सांगून पोरे ऐकतात का? शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आपण जाणता. वेगाची ओढ हा वयाचा धर्म आहे. त्या ओढीत एक कारागीरही दडलेला असतो. केजच्या किंवा माजलगावच्या गॅरेजात दहावी नापास झालेला मुलगा डोळे मिटून कार्बोरेटर उघडतो आणि बसवतो. त्याला आपण "वाया गेला" म्हणतो. त्याला वही, नियम आणि चार सोबती मिळाले तर तो कामाला लागेल.

यासाठी ट्रॅक लागत नाही. शाळेच्या मैदानावर चुन्याची रेघ मारा. सायकल हळू चालवून त्या रेघेवर ब्रेक लावायला सांगा, मग थोडी वेगाने, आणि टेपने अंतर मोजून मुलांकडून तक्ता करून घ्या. वेगाचा वर्ग म्हणजे काय, हे फळ्यापेक्षा तिथे लवकर उमगेल. आय.टी.आय.च्या शिक्षकांनी मुलांचा एक संघ करावा. जुने इंजिन उघडावे, जोडावे, बोल्टवर रेघ ओढावी, वही ठेवावी. गावातल्या उस्तादांना महिन्यातून एकदा शाळेत बोलवावे आणि पाहुण्याचा मान देऊन ऐकावे. आणि पालकांनो, मुलाला गाडी घेऊन द्यायची असेल तर पैशांचा क्रम त्या मेस्त्रीसारखा ठेवा. आधी शिरस्त्राण, आधी ब्रेक, आधी परवाना. बाकीचे मागाहून.

वेग वाईट नाही. शंकरपटात जोडी सुटली की आपणही उभे राहून ओरडतो. फक्त त्या जोडीपुढचा रस्ता मोकळा आहे ना, याची खात्री आधी केलेली असते. आपल्या मुलांसाठीही तेवढीच खात्री आपण करावी, इतकेच माझे मागणे आहे.