रोजचं तेच ते काम

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात खजिनदारांनी केलेल्या भाषणाचा मजकूर, स्मरणिकेसाठी थोडा संक्षिप्त करून.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘दोन शब्द’ असं छापलंय. जेवणाचा वास यायला लागलाय, त्यामुळे मीही लांबवणार नाही.

गणेशोत्सव, कोजागिरी, सहली, बाहेरून केलेला रंग, बदललेली लिफ्ट यांचे फोटो आपण प्रवेशद्वारापाशी लावलेत. मला बोलायचंय ते ज्याचा फोटो निघत नाही अशा कामाबद्दल. पंप किती वाजता सुरू केला, किती वाजता बंद केला, ती वही. टाकी धुतल्याच्या तारखा. मेंटेनन्सच्या पावत्या. सभेचं इतिवृत्त. ही कामं कंटाळवाणी आहेत, हे मी खजिनदार म्हणून अधिकाराने सांगू शकतो!

आता मला सांगा, २६ जुलै २००५ कोण विसरलंय? त्या दिवशीचा ९४४ मिलीमीटर हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. तो आला कुठून? आपल्या शेजारच्या सांताक्रूझच्या वेधशाळेतून. रोज सकाळी साडेआठला तिथे चोवीस तासांचा पाऊस मोजून लिहितात. जानेवारीतही लिहितात. शून्य, शून्य, परत शून्य. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७५ मिलीमीटरसुद्धा पाऊस नव्हता. दोन्हीकडे रोज नोंद होत होती, म्हणूनच एवढ्याशा मुंबईत केवढा फरक पडला ते कागदावर आलं.

या कुलाब्याच्या वेधशाळेची आणखी एक गोष्ट आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये ती उभारली आणि १८४० च्या दशकात तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद सुरू झाली. टांगलेल्या चुंबकाकडे बघायचं, तो किती हलला ते डोळ्यांनी वाचायचं आणि आकडा वहीत लिहायचा. दर तासाला. ऊन असो, पाऊस असो, चुंबक बहुतेक वेळा जवळपास तिथेच. यापेक्षा नीरस नोकरी मला तरी सुचत नाही.

१ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने सूर्यावर एक प्रचंड स्फोट पाहिला. पुढच्या काही तासांत जगभर तारायंत्रं बिघडली, तार पाठवणाऱ्यांना शॉक बसले. इंग्लंडमधल्या वेधशाळांत त्या काळची आधुनिक यंत्रं होती, फोटोच्या कागदावर आपोआप रेघ उमटवणारी. वादळ एवढं मोठं की रेघ कागदाबाहेर गेली! आणि कुलाब्यात? २ सप्टेंबरला चुंबक नेहमीसारखा नाही हे नोंद करणाऱ्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तासाची वाट न पाहता काही काही मिनिटांच्या अंतराने वाचन घेतलं आणि वहीत लिहून ठेवलं.

त्या आकड्यांचं पुढे काय झालं? बराच काळ काहीच नाही. २००३ मध्ये, म्हणजे १४४ वर्षांनी, भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या आणि परदेशातल्या शास्त्रज्ञांनी त्या जुन्या नोंदी काढून अभ्यास प्रसिद्ध केला. कुलाब्यात चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली आलं होतं. १९८९ च्या सौरवादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात साठ लाख लोकांची वीज नऊ तास गेली होती, आणि १८५९ चं वादळ त्याहून मोठं होतं. आज उपग्रह आणि वीजजाळी सांभाळणारे लोक ‘वाईटात वाईट काय होऊ शकतं’ याचा हिशोब करतात, तेव्हा कुलाब्याचे हे आकडे समोर असतात. लिहिणाऱ्यांना याची काय कल्पना असणार! त्यांनी त्या दिवसाचा रकाना भरला, एवढंच.

मला यातलं एक जास्त महत्त्वाचं वाटतं. रोज बघत होते, म्हणून वेगळं काय ते त्यांना लगेच कळलं. आपल्या पंपाच्या वहीचंही तसंच आहे. रोज चाळीस मिनिटांत भरणाऱ्या टाकीला पंचावन्न मिनिटं लागायला लागली, की पाणी कुठेतरी मुरतंय हे वही सांगते. पण चाळीस मिनिटं हे आधी कुणीतरी लिहिलेलं पाहिजे ना!

आणखी एक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेमुळे चुंबकाची नोंद बिघडणार. तेव्हा नानाभॉय मूस हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक होते. १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. पण कुलाब्याची नोंद लगेच बंद केली नाही. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी वाचन चालू ठेवलं, आकडे ताडून पाहिले आणि १९०६ मध्ये कुलाब्याचं काम थांबवलं. ट्राम १९०७ ला धावली. अलिबागची नोंद आजही चालू आहे.

माझं आजचं सगळं बोलणं या दोन वर्षांसाठी होतं. आपल्या वह्या ज्यांनी पंचवीस वर्षं सांभाळल्या, ते आता सत्तरी-पंच्याहत्तरीला आलेत. कुणाचा गुडघा, कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. इमारतही पंचवीस वर्षांची झाली. तिशी ओलांडल्यावर स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच करावं लागतं. तेव्हा इंजिनिअर विचारेल, गच्चीचं वॉटरप्रूफिंग केव्हा झालं? कुठल्या कॉलमला तडा होता, काय भरलंत? पुढे कधी रिडेव्हलपमेंटचा विषय निघाला, तर शेअर सर्टिफिकेट, नॉमिनेशन, जुने ठराव सगळं लागेल. पार्ल्यात सध्या गल्लोगल्ली पत्रे लागलेले दिसतात, तुम्हाला वेगळं सांगायला नको. ‘काकांना विचारा, त्यांना आठवत असेल’ हे उत्तर तिथे चालणार नाही.

म्हणून विनंती आहे. प्रत्येक वहीला एक तरुण जोडीदार द्या. पंपाची वही, दुरुस्त्यांची फाईल, हिशोब, इतिवृत्त. चार वह्या, चार माणसं. आठवड्याला अर्धा तास. मोबाइलवर करा, एक्सेलमध्ये करा, तुमच्या सोयीने करा. पण दोन वर्षं जुनी वही आणि नवी पद्धत बरोबरीने चालू दे, महिन्याला एकदा ताडून बघा, आणि मग खुशाल आम्हाला निवृत्त करा. एक महिना कागद हातात घेतला नाही की पुढचा महिना जड जातो, हे मात्र ध्यानात ठेवा. परीक्षेच्या दिवसांत जमणार नसेल तर आधी सांगा, आम्ही आहोतच.

बाहेर टेबलावर चारही वह्या ठेवल्या आहेत. बाजूला कोरा कागद आणि पेन आहे. जेवणाच्या रांगेत उभं राहण्याआधी ज्यांना जमेल त्यांनी नाव आणि फ्लॅट नंबर लिहावा. चार नावं झाली की मी पहिली गुळपोळी घेईन.