अंग, देह आणि बॉडी



आपले शरीर आपल्याला कसे वाटते, हा प्रश्न मानसशास्त्राच्या वर्गातला मानला जातो. तो भाषेच्या वर्गातही विचारायला हवा असे मला विद्यार्थ्यांचे लेखन तपासताना वाटू लागले. प्रथम वर्षाच्या मुलांना मी ‘मी आणि माझे शरीर’ या विषयावर पानभर लिहायला सांगते. मुलींच्या कागदांवर बहुतेक वाक्यांचा कर्ता दुसराच कुणीतरी असतो. मावशी म्हणते काळवंडलीस, शेजारीण म्हणते सुटलीस, आजी म्हणते वाळून चाललीस. मुलांच्या कागदांवर उंची असते, नाहीतर जिम. मुले स्वतःबद्दल ऐकलेले लिहितात, जाणवलेले क्वचितच.

मराठीत शब्दांचा तोटा आहे म्हणावे, तर तसेही नाही. शरीर, देह, काया, तनू, कुडी. कोकणीतला ‘कूड’ तर आपल्या रोजच्या कानावरचा. तरी मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ‘अंग’. ताप आला की आपले अंग दुखते. ‘देह दुखतो’ असे कुणी म्हणत नाही. खाल्लेले अंगाला लागते, सवय अंगवळणी पडते, जबाबदारी अंगावर येते, नको ते धाडस अंगाशी येते. या शब्दात शरीर आतून बोलते.

आज त्याच्या जागी ‘बॉडी’ आली आहे. इंग्रजी शब्दांचे मला वावडे नाही, पण हा शब्द मराठीत कोणत्या अर्थांनी रुळला ते पाहा. जिममध्ये ‘बनवतात’ ती बॉडी, इस्पितळातून ‘ताब्यात देतात’ ती बॉडी, आणि ट्रकची बॉडी. तिन्ही बाहेरून पाहायच्या वस्तू. ‘तब्येत’ या शब्दाचीही गंमत झाली आहे. ‘तब्येत सुधारली हो तुझी!’ हे आजीच्या पिढीचे कौतुक; दुखण्यांच्या आणि अर्धपोटी दिवसांच्या आठवणीतून आलेले. नातीला तेच वाक्य टोमणा वाटते, आणि ती रात्री जेवत नाही. दोघींपैकी कुणीच खोटे बोलत नाही.

साहित्याचे शिक्षक म्हणून आपण इथे काय करतो? अभ्यासक्रमात संतांचा देह बहुधा नाशिवंत म्हणूनच शिकवला जातो. मग सोयराबाईंचे काय करायचे? विटाळाला भिणाऱ्यांना त्या विचारतात की विटाळावाचून जन्मलेला देह जगात आहे कुठे? चोखामेळ्यांच्या या पत्नीचा प्रश्न चौदाव्या शतकातला आहे, आणि आजही कित्येक घरांत त्याचे उत्तर मिळालेले नाही. जनाबाईंच्या अभंगांत दळण आहे, शेणी आहेत, आणि विठ्ठल त्यांचे केस विंचरतो. सतराव्या शतकातल्या बहिणाबाईंच्या आत्मकथनात नवऱ्याचा मार खाणारे शरीर आहे. स्त्रीचा देह पराधीन, हे त्यांनी स्पष्ट म्हटले आहे. या तिघी आरशासमोर उभ्या नाहीत. परीक्षेत मात्र आपण ‘भक्तिभाव स्पष्ट करा’ एवढेच विचारतो आणि पाच गुण देऊन मोकळे होतो.

अलीकडे मी विषय बदलला आहे. ‘अंग’ शब्द असलेला एक वाक्प्रचार घ्या आणि तो तुमच्या अंगाने केव्हा अनुभवला ते लिहा, असे सांगते. एका मुलीने ‘अंग चोरणे’ घेतला. शब्दकोशात त्याचा अर्थ कामचुकारपणा असाही आहे, म्हणून ‘अंगचोर’ ही शिवी झाली. तिने दुसरा अर्थ घेतला: भरलेल्या बसमध्ये कोपरे आत ओढून, दप्तर छातीशी धरून, श्वास अर्धा ठेवून उभे राहणे. घरी पोहोचल्यावर खांदे मोकळे व्हायला किती वेळ लागतो, तेही तिने लिहिले होते. पानभरात रंग नव्हता, वजन नव्हते.

तिची परवानगी घेऊन मी तो कागद वर्गात वाचला. मागच्या बाकावरची मुले, एरवी न ऐकणारी, ऐकत होती. तास संपल्यावर त्यांच्यातला एक टेबलाशी आला. पहाटे वडिलांबरोबर होडीवर जाऊन मग कॉलेजला येणारा मुलगा. म्हणाला, “मॅडम, ‘अंग टाकणे’वर लिहिले तर चालेल?”