टाचदुखी आणि सकाळचे पहिले पाऊल

सकाळी उठून जमिनीवर पाऊल टेकावे आणि टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ यावी. चार पावले चालले की ती ओसरावी, आणि फार वेळ उभे राहिले की पुन्हा डोके वर काढावी. फळ्यापुढे उभ्या राहणाऱ्या गुरुजींना आणि फरशीवर अनवाणी वावरणाऱ्या मायबहिणींना हे दुखणे नवे नाही.

पुष्कळांना वाटते, हाड वाढले! एक्स-रेत कधी काटा दिसतोही. पण तसा काटा मुळीच न दुखणाऱ्या टाचेतही सापडतो. दुखतो तो टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत गेलेला जाड पट्टा. धनुष्याच्या दोरीसारखा तो तळपायाची कमान सांभाळतो. रात्रभर तो आखडतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो.

मग उपाय काय? अंथरुणातच त्याला सैल करावे. पाय मांडीवर घ्या, बोटे हाताने नडगीकडे ओढा, १० आकडे मोजेपर्यंत धरा. असे १० वेळा, दिवसातून ३ वेळा. घरातही मऊ टाचेची चप्पल वापरा. गुण यायला कित्येक महिने लागतात. पण बहुतेकांना तो शस्त्रक्रियेवाचून येतो.

तापल्या विटेचा शेक मात्र जपून बरे! मधुमेहाने पाय बधिर झाला असेल तर चटका कळत नाही, आणि जखम चिघळली तर पायावर बेतते. सूज, मुंग्या किंवा रात्री झोपेतही ठणका असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

तेव्हा मंडळी, उद्या उठताना घाई नको. आधी बोटे ओढा, मग पाऊल टाका.