शब्द थांबतात तेथे रेघ बोलते
(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले भाषण)



चित्रकलेचा तास म्हणजे विश्रांतीचा तास, अशी आपल्याकडे समजूत आहे. एलिमेंटरी-इंटरमीजिएटची ग्रेड मिळाली की दहावीला चार गुण वाढतात, एवढाच या विषयाचा उपयोग आपण धरतो. आज मी तुम्हांला त्याचा दुसरा उपयोग सांगणार आहे. जे दुःख माणसाला बोलता येत नाही, ते त्याच्या हातातील टाक, खडू किंवा पेन्सिल कसे बोलते, ते पाहू.

अमेरिकेत आर्ट स्पीगलमन नावाचे चित्रकार आहेत. त्यांचे आईवडील पोलंडचे ज्यू. दोघेही हिटलरच्या छळछावणीतून वाचलेले. वडिलांची हकीकत त्यांनी ‘माउस’ या चित्रकथेत मांडली. तिचे दोन भाग १९८६ व १९९१ साली निघाले आणि १९९२ साली तिला पुलित्झरचे विशेष पारितोषिक मिळाले. साधारणपणे चित्रकार मोठे चित्र काढतो आणि छापताना ते लहान करतो. त्यामुळे रेघ सुबक दिसते. स्पीगलमन यांनी तसे केले नाही. साध्या कागदावर, फाउंटन पेनने, छापायच्या आकारातच त्यांनी चित्रे काढली. म्हणून ते पुस्तक एखाद्याची हस्तलिखित रोजनिशी वाचावी तसे वाटते.

पण त्याच पुस्तकात काही पाने अगदी वेगळी आहेत. १९६८ साली त्यांच्या आईने आपले जीवन संपवले. त्या दुःखाची चित्रे त्यांनी आधीच काढली होती, आणि ती पेनने नव्हे. पांढऱ्या लेपाच्या पुठ्ठ्यावर काळी शाई चढवायची आणि टोकदार हत्याराने ती खरवडत जायचे, अशी ही रीत. येथे प्रत्येक पांढरी रेघ म्हणजे एक ओरखडा असतो. चित्रकार तोच, घरही तेच. पण वडिलांची कहाणी लिहिली गेली आणि आईचे दुःख खरवडले गेले.

आता इराणकडे वळू. मर्जान सत्रापी यांचे बालपण तेहरानमध्ये गेले. १९७९ची क्रांती आणि १९८०मध्ये सुरू झालेले इराकशी युद्ध त्यांनी लहान वयात पाहिले. २००० सालापासून चार भागांत निघालेल्या ‘पर्सेपोलिस’ या पुस्तकात राखाडी छटासुद्धा नाही; काळे आणि पांढरे एवढेच. शेजारच्या घरावर क्षेपणास्त्र पडते. ढिगाऱ्यात मैत्रिणीचे कंकण दिसते. मुलगी हातांनी तोंड झाकते. त्यानंतरची चौकट संपूर्ण काळी आहे. तीत चेहरा नाही, रक्त नाही. नुसती शाई आहे.

आपल्यापैकी काही घरांत सजीवांची चित्रे काढण्याबद्दल संकोच असतो. त्याचा मान राखूनच मी म्हणतो, त्या पुस्तकातील सर्वांत खोल दुःख दाखवायला आकृती लागलीच नाही. बोरूने सुलेखन करणाऱ्यांना हे ठाऊक आहे की हाताचा दाब बदलला की अक्षराचा भाव बदलतो.

‘आम्हांला चित्र कुठे येते?’ असे कोणी म्हणेल. १९७४ साली हिरोशिमातील एक ७७ वर्षांचे गृहस्थ १९४५च्या अणुबाँबच्या दिवसाचे स्वतः काढलेले चित्र घेऊन तेथील नभोवाणी केंद्रात गेले. केंद्राने आवाहन केल्यावर दोन हजारांहून अधिक चित्रे जमली. काढणारे बहुतेक साधे नागरिक होते. कोणी पेन्सिल घेतली, कोणी रंगखडू, कोणी जलरंग. रेघा वेड्यावाकड्या आहेत, पण साक्ष खरी आहे.

हे सगळे मी फार उशिरा शिकलो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे वडील नुकतेच वारले होते. ‘माझे घर’ या विषयावर त्याने काळा खडू इतका घासला, की कागद फाटला. ‘पान फुकट घालवलेस,’ असे म्हणून मी रागावलो. त्याने वही मिटून दप्तरात ठेवली. वर्षभर तो मी सांगेन तेवढेच काढत राहिला: फुलदाणी, आंबा, पतंग. त्याने मला एक गोष्ट सांगितली होती आणि मी तिला गुण दिले होते.

पालकहो, मूल काळे रंगवते म्हणून लगेच घाबरू नका; कधीकधी पेटीत तेवढाच खडू उरलेला असतो. पण ‘हे काय काढलेस?’ असे दरडावण्याऐवजी ‘याबद्दल मला सांगशील का?’ असे विचारा आणि उत्तराची वाट पाहा. ते बोलले नाही तर चित्र जपून ठेवा. मूल बरेच दिवस गप्प राहिले, झोप-भूक हरपली, तर शिक्षकांना भेटा, डॉक्टरांचा सल्ला घ्या. त्यात कमीपणा नाही.

विद्यार्थी मित्रांनो, एक वही अशी ठेवा, की जिला कोणी गुण देणार नाही. आणि माझा तो विद्यार्थी आज कोठेही असला, तरी अल्लाह त्याला सुखी ठेवो, आणि त्याच्या मुलांना माझ्यापेक्षा चांगला शिक्षक मिळो.

खुदा हाफिज.