जीपचा टप



या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय ऐकलेत, राज्यघटना ऐकलीत, आणि आज आपल्या वाट्याला पत्रा आला आहे. चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा मी चेष्टेने "जीपचा टप" असे म्हटले. त्यांनी ते खरे मानून पत्रिका छापून टाकली. आता सुटका नाही. आपलीही नाही आणि माझीही नाही.

आमच्या घरी एक जुनी विलीज जीप आहे. महायुद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्यांचे लिलाव झाले, त्यांतली ती एक. वडिलांनी ती घेतली तेव्हा तिला टप नव्हता. दोन लोखंडी कमानी आणि त्यांवर कॅनव्हास, एवढेच. हे काही कुणाच्या कंजूषपणामुळे नव्हे. १९४० साली अमेरिकन लष्कराने हलकी गाडी मागितली, तेव्हा बँटम नावाच्या लहानशा कंपनीने ४९ दिवसांत पहिला नमुना उभा केला, आणि २३ सप्टेंबरला तो लष्कराच्या स्वाधीन केला. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी मिळून अशा सहा लाखांवर गाड्या बांधल्या. पुढची काच बॉनेटवर पाडता यावी, कॅनव्हास गुंडाळून ठेवता यावा, गाडी शत्रूला लांबून दिसू नये, हा त्यातला विचार. छप्पर नसणे हा त्या गाडीचा गुणच होता.

पण फलटणच्या उन्हाला हा गुण कळत नाही. नीरेच्या उजव्या कालव्याने उत्तरेचा भाग हिरवा केला. दक्षिणेकडे आदर्कीच्या अंगाला गेलात की पर्जन्यछायेचा मुलूख सुरू होतो. १९७२ च्या दुष्काळात आमची जीप त्या बाजूला फिरत होती. खडी फोडण्याच्या कामावरून आजारी माणूस दवाखान्यात आणायचा, जाताना सुकडीची आणि मिलोची पोती न्यायची. कॅनव्हास फाटून त्याच्या चिंध्या झाल्या. तेव्हा १९७३ साली वडिलांनी इथल्याच एका मिस्त्रीकडून पत्र्याचा टप ठोकून घेतला. त्याची नोंद गाडीच्या पुस्तकात रीतसर आहे. पन्नास वर्षे तो टप टिकला, आणि मग एके दिवशी धुताना माझे बोट त्यातून आरपार गेले.

आमच्याकडे पाऊस तो किती! मग पत्रा सडला कसा? याचे उत्तर मला टप उतरवल्यावर मिळाले. वरच्या बाजूने रंग जवळजवळ शाबूत होता. खाल्ला होता तो आतून. हिवाळ्याच्या रात्री पत्रा गार पडतो आणि गाडीतल्या हवेतला ओलावा त्याच्या पोटाला घामासारखा धरतो. आत रेक्झिन होते, रेक्झिनच्या मागे नमदा होता. तो नमदा हे पाणी पिऊन बसे आणि दुपारपर्यंत सोडत नसे. शिवाय कडेच्या पन्हळीत धूळ साचलेली. कोरडी धूळ निरुपद्रवी, पण ती एकदा भिजली की ओल्या बोळ्याचे काम करते. लोखंडाचा खरा वैरी मुसळधार पाऊस नव्हे, न वाळणारी ओल.

आता प्रश्न आला, काय करायचे? मुलगा म्हणाला, "अण्णा, परत कॅनव्हास घालू. गाडी होती तशी करू." त्याच्या म्हणण्याला आधार होता. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या खासगी गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम काढले. त्यांत गाडी मूळ रूपात हवी, सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नको, अशी अट आहे. पण मग त्या गाडीचा रोजच्या कामासाठी वापर करता येत नाही. मला ही अट अवघड वाटली. आमची जीप अजून मळ्यात जाते. आणि खरे सांगायचे तर, मूळ रूप कोणते? कंपनीवाल्यांनी कागदावर काढले ते, की ज्या रूपात तिने दुष्काळ पाहिला ते? मुलाला हे पटले नाही. अजूनही पटलेले नाही. मात्र कुणी उत्साहाच्या भरात साध्या जीपला मनचाहे छप्पर चढवणार असेल, तर आधी कायदा पाहावा. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल असल्या फेरफाराच्या विरुद्ध आहेत.

टप पत्र्याचाच ठरला. मिस्त्री १८ गेजचा पत्रा घ्या म्हणत होते. मी हिशेब केला. टपाचे क्षेत्र सुमारे २.४ चौरस मीटर. १८ गेज, म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीला वजन २२ किलोच्या आसपास, आणि २० गेजला १७. फरक अवघा पाच किलोंचा. त्यावर भांडण्यात अर्थ नव्हता. पण बाजूचे पत्रे २० चे होते आणि पातळ पत्रा बाक चांगला घेतो, म्हणून २० चा घेतला. कुणी ॲल्युमिनियम सुचवले. १९४८ पासून इंग्लंडातल्या लँड रोव्हरला ते वापरले गेले, कारण युद्धानंतर तिकडे पोलादाची टंचाई होती. पण पोलादी सांगाड्याला ॲल्युमिनियम जिथे टेकते, तिथे ओलाव्यात दोन धातूंचे वैर जुंपते आणि पांढरी भुकटी सुटू लागते. लँड रोव्हरची एक युक्ती मात्र घेण्यासारखी आहे: उष्ण देशांसाठी टपावर दुसरा टप, मध्ये वाऱ्याला वाट. ऊन वरचाच पत्रा सोसतो.

आता माझी चूक सांगतो, कारण खर्च तिनेच वाढवला. मिस्त्री मला म्हणाले होते, "आबा, आधी आतनं आडव्या-तिरप्या पट्ट्या मारू, मग कापू." ते जेवायला गेले, आणि मी त्यांच्या पोराकडून ग्राइंडर चालवून घेतला. जुना पत्रा सुटला तशा दोन्ही बाजू तणाव गेल्यासारख्या बाहेर फाकल्या. कर्ण मोजले तर एक दुसऱ्यापेक्षा दोन बोटे जास्त! दरवाजा लागेना. टप हे नुसते झाकण नसते. चार भिंतींना तो एकमेकींशी बांधून ठेवतो. मिस्त्री परत आले, त्यांनी पाहिले आणि काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे वाटले असते. दोर आवळून, जॅक लावून कर्ण जुळवण्यात दोन दिवस गेले.

पुढचे काम त्यांचे कौशल्य पाहण्याचे होते. सपाट पत्रा गाडी धावताना ढोलासारखा वाजतो आणि त्यावर पाणी साचते. म्हणून वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोडीने ठोकत त्यांनी मध्याला दोन बोटांचा उठाव दिला. वेल्डिंग एका ओळीत नाही. एक टाका इथे, दुसरा समोरच्या टोकाला, मग थांबायचे, कारण एकाच जागी उष्णता साठली की पत्रा लाटा घेतो. सांधे बुजवले, आतून-बाहेरून रेड ऑक्साइड मारले, लांबी अगदी थोडी भरली. नमदा पुन्हा लावला नाही.

एक गोष्ट आपल्या तरुणांसाठी सांगतो. वडापच्या जीपच्या टपावर माणसे बसलेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. आपल्यापैकी काही जण बसलेही असतील. पाऊण-एक मिलिमीटरचा पत्रा गाडी उलटल्यावर आतल्या माणसाला वाचवत नाही, मग वरच्याला काय वाचवणार? दोन चाकांतले अंतर जेमतेम चार फूट. वर वजन चढले की वळणावर तोल जायला उशीर लागत नाही. मी नव्या टपाला कॅरियर लावलेले नाही.

रंग वाळल्यावर अंगणात नळी धरून अर्धा तास पाणी मारले. पुढच्या काचेच्या चौकटीपाशी, डाव्या कोपऱ्यातून, थेंब आला. तिथे रबराची पट्टी बदलली. आता येत नाही.